पुस्तकांचा ढीग नको, निवड हवी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



प्रथम माझीच एक चूक आपल्यापुढे मांडतो. तीन वर्षांपूर्वी एक रिक्षाचालक पालक माझ्याकडे आले. "सर, पोरीला इंजिनिअरिंगला घालायचंय. सीईटीसाठी कोणती पुस्तकं घेऊ?" मी इतिहासाचा शिक्षक. "विज्ञानाच्या सरांना विचारून सांगतो," असे म्हणायला मला कमीपणा वाटला. दुकानदाराने सुचविलेली सात पुस्तकांची यादी मी त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी उसनवारी करून सातही घेतली.

परीक्षेनंतर ती मुलगी पुस्तके शाळेला द्यायला आली. पाच पुस्तके कोरी करकरीत होती. ती म्हणाली, "सर, ही जेईईची होती. मला वाटलं, मलाच जमत नाही." पैसे अब्बांचे गेले, पण धीर तिचा गेला.

म्हणून विनंती करतो की, पुस्तकापूर्वी परीक्षा ओळखा. राज्य सीईटी कक्षाचे त्या वर्षीचे माहितीपत्रक आधी वाचा. २०२५ च्या परीक्षेत गणित गटाला १५० प्रश्न आणि २०० गुण होते. सुमारे ८० टक्के भार बारावीवर, २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर होता. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. मग एकही प्रश्न कोरा का सोडावा?

अभ्यासक्रम राज्य मंडळाचा आहे. तेव्हा पाया बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांचाच हवा. ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांच्या जोडीला प्रत्येक विषयाचा एकच प्रश्नसंच घ्या, पण तो शेवटच्या पानापर्यंत सोडवा. विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा: तो याच परीक्षेसाठी आहे काय, आणि उत्तरांबरोबर स्पष्टीकरण आहे काय?

तिसरे साधन म्हणजे घड्याळ. भौतिक व रसायनशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद! परीक्षा संगणकावर होते. म्हणून सराव केवळ कागदावर करून भागत नाही. घरी संगणक नसेल तर शाळेत या.

उर्दू व मराठी माध्यमाच्या मुलांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे प्रश्न इंग्रजी, मराठी, उर्दूत मिळतात; गणिताचे मात्र फक्त इंग्रजीत. गणितातील इंग्रजी संज्ञांची वही अकरावीतच सुरू करा.

आणि शेवटचे साधन सर्वांत स्वस्त आहे: चुकांची वही. आज चुकलेला प्रश्न आठ दिवसांनी पुन्हा सोडवायचा.

त्या मुलीने पुन्हा परीक्षा दिली, ती पाठ्यपुस्तके, एकेक प्रश्नसंच आणि अशाच एका वहीवर. आज ती अभियांत्रिकी शिकत आहे. श्रेय तिचे व तिच्या अब्बांचे आहे. माझ्या वाट्याला एक शिकवण आली: जे ठाऊक नाही, ते विचारून सांगावे. पालकहो, आपणही यादी मागताना आम्हा शिक्षकांना जरूर विचारा, "सर, हे पुस्तक आपण स्वतः उघडून पाहिले आहे काय?"