परिविक्षा अधिकारी दारात आली तेव्हा

मी वकील आहे. बाल न्याय मंडळासमोर मुलांची बाजू मांडते. आज एकाच मुलाबद्दल बोलते. त्याचं नाव, गाव विचारू नका. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पकडला गेला' म्हणून फोटो फिरवणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं.

मुलगा सतरा वर्षांचा. दोन मोठ्या पोरांच्या मोटारसायकलवर मागे बसला आणि त्यांनी एकाचा मोबाईल हिसकावला. पोलिसांच्या कागदावर त्याचं वय लागलं १९. आपल्यातल्याच एका शहाण्याने आईला सांगितलं होतं, 'मोठा सांग, लवकर सुटेल.' हा सल्ला फार महागात पडतो. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, २४ तासांत मंडळासमोर न्यावं लागतं. वय मोजायचं ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. त्यासाठी आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आईने पेटीच्या तळातून शाळेचा दाखला काढला, तेव्हा कुठे पोरगा मंडळासमोर आला.

तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं हाच नियम. जामीन अडतो तो मोजक्या कारणांनी. त्यातलं एक म्हणजे, सोडलं तर तो पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल.

आणि ही संगत कोण तपासतं? परिविक्षा अधिकारी. दोन आठवड्यांत मुलाच्या घरी, शाळेत जाऊन तिला सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घरात कोण कमावतं, शाळा का सुटली, मुलाकडे लक्ष कोण देईल, हे सगळं त्यात येतं. ती आली तेव्हा आईने दारच उघडलं नाही. शेजारी बघतील, लोक पोलीसवाली आली म्हणतील! अहवालात ओळ पडली, 'पालकांचे सहकार्य नाही.'

मी संध्याकाळी गेले. म्हटलं, "खाला, ती बाई तुमच्या पोराला न्यायला आली नव्हती. घरी सोडता येईल का, ते बघायला आली होती." त्या रडल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही." खरं होतं. मीसुद्धा सांगितलं नव्हतं. माझीच चूक.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या मामूंना घेऊन अधिकाऱ्याकडे गेल्या. मामूंचं गॅरेज आहे. ते म्हणाले, "सकाळी शाळा, दुपारनंतर माझ्या नजरेसमोर." अहवाल नव्याने लिहिला गेला. मुलगा घरी आला, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली.

पुढे चौकशी झाली. तिला चार महिन्यांची मुदत असते, मंडळ ती आणखी दोन महिने वाढवू शकतं. त्याचा दोष ठरला. मंडळ त्याला तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात पाठवू शकलं असतं. त्याऐवजी त्याला चांगल्या वर्तणुकीच्या परिविक्षेवर आईच्या हवाली केलं, एका वर्षासाठी. (कायद्यात याचीही मर्यादा तीन वर्षांचीच.) आईने बंधपत्र लिहून दिलं. शाळा सोडायची नाही, त्या दोघांना भेटायचं नाही, महिन्यातून एकदा अधिकाऱ्यासमोर हजर व्हायचं. ती मंडळाला कळवत राहते. आमच्या जिल्ह्यात अशा अधिकाऱ्यांवर कामाचा इतका भार आहे की फोन लागणंही मुश्कील. तरी तारीख चुकवू नका, भेट झाल्याची नोंद करून घ्या.

'आता पोलीस भरतीत नाव कटणार का?' हा प्रश्न मला नेहमी येतो. कलम २४ सांगतं की अशा निकालामुळे मुलाला कुठलीही अपात्रता लागत नाही. अपवाद एकच, सोळा पूर्ण झालेल्या ज्या मुलाचा खटला गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून चालला, त्याचा.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मोफत वकील मिळतो. मीही या मुलाला तिथूनच मिळाले.

त्याचे चार महिने उरलेत. मागच्या तारखेला पाऊस होता, एसटी आली नाही. त्याने आधी अधिकाऱ्याला फोन केला, मग मला. आईला त्याने संध्याकाळी सांगितलं.