आधी जागा, मग दाखला

आज आम्ही बचत गटातल्या सगळ्याजणी मिळून तुमच्याशी बोलणार आहोत. विषय आहे वकिलीच्या शिक्षणाचा. कोर्स चालू असताना कॉलेज बदलायची वेळ आली तर काय करायचं?

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक साताऱ्याला लॉ करत होती. पदवीनंतरचा तीन वर्षांचा कोर्स. पहिलं वर्ष पास झाली आणि लग्न झालं. सासर सोलापूर जिल्ह्यातलं. सासूबाई म्हणाल्या, "शिक्षण सोडायचं नाही. इकडंही कॉलेज आहे की!" आम्हाला कोण आनंद झाला. आम्हीच तिला म्हणालो, "जा, दाखला काढून आण."

तिनं दाखला काढला. सोलापूरला गेली, तर तिथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाची एकही जागा रिकामी नव्हती. इकडं जुन्या कॉलेजातून नाव कमी झालेलं. पोर वर्षभर घरी बसली. येणारे-जाणारे विचारायचे, "काय वकीलबाई, झालं का शिक्षण?" ती मान खाली घालायची. चूक तिची नव्हती, घाई आमची होती.

पुढच्या वर्षी मात्र आम्ही तिच्यासोबत बसून एकेक गोष्ट विचारून घेतली. तीच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, नव्या कॉलेजात त्या वर्षाची जागा आहे का ते विचारा आणि लेखी घ्या. मग दोन्ही कॉलेजांचं ना हरकत पत्र घ्या. दाखला सगळ्यात शेवटी काढा.

दुसरी गोष्ट, विद्यापीठ बदलतंय का ते बघा. सातारा शिवाजी विद्यापीठात येतं. सोलापूर जिल्ह्याला २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, पात्रतेचा अर्ज भरावा लागतो. शिवाय विषयांचा क्रम सगळीकडं सारखा नसतो. आमच्या पोरीला पहिल्या वर्षाचा एक पेपर जादा द्यावा लागला. म्हणून गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम दोन्ही सोबत न्या. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, तेव्हा शेजारणीचं ऐकून निघू नका, विद्यापीठाच्या कार्यालयात विचारा.

तिसरी गोष्ट, नवं कॉलेज बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेचं आहे ना, याची खात्री करा. मान्यता नसेल तर पदवी घेऊनही सनद मिळत नाही. आणि बीए करणाऱ्या मुलीला पाच वर्षांच्या लॉ कोर्सला मधल्या वर्षात प्रवेश मिळत नाही. तसं कुणी पैसे घेऊन देतो म्हणालं, तर त्याच्या नादी लागू नका.

शिष्यवृत्ती चालू असेल, तर बदलीनंतर ती पुढं मिळेल का, हेही आधीच विचारा.

बायकांना वकिली करायची वाट आपल्या देशात १९२३च्या कायद्यानं मोकळी झाली. त्याला शंभर वर्षं उलटली. आता एका दाखल्यापायी आपल्या लेकीसुनांचं वर्ष वाया जायला नको.

आमची पोर आता शेवटच्या वर्षाला आहे. सासूबाई तिचा डबा स्वतः भरतात. तुमच्या गावात कुणा मुलीचं लग्न ठरलं असेल आणि ती लॉ शिकत असेल, तर लग्नाची तारीख धरायच्या आधी तिच्याशी एवढं बोलून घ्या.