क्रोधाची मुदत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



'योगदर्शन आणि क्रोधविजय' हा विषय विद्वानांचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. शास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु शास्त्रकारांनी क्रोधासाठी योजलेला शब्द आमच्या धंद्याला जवळचा आहे, म्हणून तेथूनच प्रारंभ करतो.

क्रोध, मान, माया आणि लोभ यांना आपण कषाय म्हणतो. कषाय म्हणजे तुरट काढा. नैसर्गिक रंगांची छपाई करणारे कारागीर कोरे कापड आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवितात. त्यानंतर तुरटीच्या साहाय्याने दिलेला रंग धाग्याला घट्ट धरून राहतो. एरवी तो पहिल्या धुण्यातच उतरू लागतो. पूज्यपाद आचार्यांनी 'सर्वार्थसिद्धी'त वडासारख्या झाडाच्या तुरट रसाचा असाच दाखला दिला आहे. तो रस जसा चिकटण्यास कारण होतो, तसे क्रोधादी विकार आत्म्याला कर्म चिकटण्यास कारण होतात.

येथे 'योग' या शब्दाचे दोन अर्थ लक्षात घ्यावेत. पतंजली चित्ताच्या वृत्ती आवरण्यास योग म्हणतात. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'त मात्र मन, वाणी आणि काया यांच्या हालचालीला योग म्हटले आहे. गृहस्थाची ही हालचाल थांबत नाही. गुमास्त्याला चूक दाखवावी लागते, थकलेल्या उधारीचा तगादा लावावा लागतो. पण त्यात कषाय जितका मंद, तितका कर्माचा बंध सैल. कठोर शब्द उच्चारला की नाही, एवढ्यावर हिशेब संपत नाही. तो बोलताना अंतःकरण कशात भिजले होते, हे पाहावे लागते.

क्रोध यावाच नये, ही अवस्था फार दूरची. शास्त्रकारांनी गृहस्थाला व्यवहारी प्रश्न विचारला आहे: आलेला क्रोध किती दिवस ठेवला? त्यांनी क्रोधाच्या चार प्रती सांगितल्या. संज्वलन म्हणजे पाण्यावरची रेघ, प्रत्याख्यानावरण म्हणजे वाळूतील रेघ, अप्रत्याख्यान म्हणजे जमिनीची भेग आणि अनंतानुबंधी म्हणजे पाषाणाची चीर. श्वेतांबर कर्मग्रंथांनी त्यांच्या मुदती अनुक्रमे पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि यावज्जीव अशा दिल्या आहेत. दिगंबर परंपरेच्या मुदती अधिक कडक आहेत: अंतर्मुहूर्त, पंधरवडा, सहा महिने आणि त्यापुढे भवोभव.

पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण या श्वेतांबर मुदतींशी कसे जुळतात, ते पाहा. हुंडीची मुदत टळली की व्यापाऱ्याची पत जाते. येथे काय जाते? अप्रत्याख्यान कषाय श्रावकाची व्रते रोखतो आणि अनंतानुबंधी तर सम्यक्त्वच रोखतो. म्हणजे मनातले वैर संवत्सरी ओलांडून पुढे गेले, तर अठ्ठाईच्या तपाचा पायाच खचतो.

पाषाणाची चीर कशी असते, हे पार्श्वनाथ भगवंतांच्या चरित्रात दिसते. मरुभूती आपला भाऊ कमठ याची क्षमा मागावयास गेला असता कमठाने शिळेने त्याचा प्राण घेतला. ते एकतर्फी वैर दहा भव चालले. शेवटी कमठाच्या जीवाने उपसर्ग केला आणि धरणेंद्राने रक्षण केले, तेव्हा भगवंतांचा भाव दोघांविषयी समान होता. वैराला दोन पक्ष लागतात. एकाने खाते बंद केले की तो सुटतो, हा या कथेचा अर्थ मला वाटतो.

उपाय कोणता? बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपाळासाठी 'योगशास्त्र' रचले. त्यात चौथ्या प्रकाशात कषायजय आहे आणि प्राणायाम त्यानंतर, पाचव्यात. क्रोधावर त्यांनी क्षमेचे औषध सांगितले. पतंजलीही हिंसेचा विचार उठताच त्याच्या विरुद्ध भावना मनात आणावयास सांगतात. हिंसा केली, करविली वा तिला अनुमोदन दिले, तरी फळ दुःखच, याचे स्मरण ठेवावयास सांगतात.

आपल्या कायोत्सर्गाचे माप तर श्वासच आहे. श्वेतांबर विधीत एका लोगस्सचे पंचवीस श्वास, दिगंबर विधीत नऊ नमस्कार मंत्रांचे सत्तावीस. दोन मिनिटांचे काम. क्रोध मनातून वाणीत उतरण्यापूर्वी एवढा अवकाश मिळाला, तर बहुतेक अनर्थ टळतात. कात्री लागलेले कापड पुन्हा ताग्याला जोडता येत नाही. उच्चारलेल्या शब्दाचेही तसेच आहे.

मात्र गप्प बसणे म्हणजे क्षमा नव्हे. आपल्याच समाजात एका पेढीच्या दोन झाल्या, मध्ये भिंत आली, आणि सख्खे भाऊ एकाच रांगेत पूजेला उभे राहूनही नजर मिळवीत नाहीत, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वाटणीचा तंटा मिटतो, अबोला मिटत नाही. पुढे तो मुलांच्याही नावे चढतो. पूर्वी क्षमापनेची छापील पत्रे जात, आता मोबाइलवरून शेकडो संदेश जातात. ज्यांच्याशी कधी भांडण झाले नाही, त्या सर्वांना ते पोहोचतात. ज्याच्याशी वैर आहे, नेमके त्याचेच नाव यादीतून गळते.

संस्थेने पन्नास वर्षे आपले हिशेब दरवर्षी तपासून सभेपुढे ठेवले. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येकाने आपले हे एक खाते उघडावे, अशी नम्र विनंती आहे. गळलेले नाव कागदावर लिहावे आणि येत्या पाक्षिक प्रतिक्रमणापूर्वी त्या घरी स्वतः जावे. चूक कोणाची, हा निवाडा तेथे काढू नये. दार उघडले नाही, तरी आपल्या बाजूची रेघ पुसली जाईल.