बालवीरांचे सोपान आणि आपली मुले

(हिंगोली जिल्ह्यातील पालकांपुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी जो विषय घेतला आहे तो ऐकून काहींना नवल वाटेल. जमीन, मजुरी, शिष्यवृत्ती, वसतिगृहे असे प्रश्न पुढे उभे असताना शाळकरी मुलांच्या बाहीवरील कापडी बिल्ल्यांविषयी बोलण्यात वेळ का घालवावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, माणसाला पायरी त्याच्या योग्यतेप्रमाणे मिळावी की जन्माप्रमाणे, हा प्रश्न मुलाच्या आयुष्यात प्रथम न्यायालयात किंवा कचेरीत येत नाही. तो शाळेच्या पटांगणात येतो. ज्यांना आपली वडील माणसे बालवीर व वीरबाला म्हणत, त्या स्काउट-गाईडांचे पथक हे असेच एक पटांगण आहे. तेथे मिळालेला निवाडा मूल जन्मभर बाळगते.

ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी हा गणवेष चढविला नाही, त्यांच्यासाठी हे सोपान म्हणजे काय ते आधी सांगतो. मूल दहा वर्षांचे झाले की स्काउट किंवा गाईड होऊ शकते. पहिली पायरी प्रवेशाची. त्यानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, त्यापुढे राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, नकाशा व होकायंत्र, तंबू ठोकणे, उघड्यावर स्वयंपाक करणे, गावासाठी श्रमदान करणे, अशा गोष्टी मुलाने प्रत्यक्ष करून दाखवावयाच्या असतात. आरंभीच्या सोपानांची परीक्षा पथकाचा नेता, म्हणजे स्काउटमास्टर किंवा गाईड कॅप्टन, घेतो. तृतीय सोपानाची चाचणी जिल्ह्याच्या पातळीवर, राज्य पुरस्काराची राज्याच्या शिबिरात आणि राष्ट्रपती पुरस्काराची राष्ट्रीय मुख्यालयाच्या शिबिरात होते. खालची पायरी चढल्यावाचून वरची मिळत नाही. म्हणूनच गावच्या शाळेत पहिली सही कोण करतो आणि कोणाच्या वहीत करतो, याला इतके महत्त्व आहे.

हे बिल्ले केवळ शोभेचेही नाहीत. भारतीय रेल्वेत स्काउट-गाईड कोट्यातून भरती होते, आणि त्यासाठी उमेदवार राष्ट्रपती पुरस्कारप्राप्त असावा किंवा त्याने प्रौढ नेत्याचे हिमालय वुड बॅज हे प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, अशी अट असते. आपल्या राज्यात दहावी-बारावीला स्काउट-गाईडांच्या कामगिरीसाठी सवलतीचे गुणही दिले जातात. तेव्हा बारा वर्षांच्या मुलाची एक पायरी अकारण अडविली गेली, तर अठराव्या वर्षी त्याच्यापुढचे एक दार बंद झालेले असते. आणि ते कोणी बंद केले हे त्याला कळतसुद्धा नाही.

पायरी अडविली जाण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. आपले हिंगोली एके काळी हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होते. हुद्दा म्हणजे काय हे या गावाने जवळून पाहिले आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे फौजेत सुभेदार होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापकही होते. परंतु १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. लढाऊ जातींचा सिद्धांत हे त्याचे एक कारण. स्पृश्य शिपाई अस्पृश्य अंमलदाराला सलाम कसा करील, ही त्यामागची दुसरी अडचण. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी या बंदीविरुद्ध सरकारकडे करावयाचा अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट उभी राहण्यास १ ऑक्टोबर १९४१ हा दिवस उजाडावा लागला. या अवधीत आपल्या तरुणांचे शौर्य कमी झाले नव्हते. त्यांची परीक्षाच घेतली जात नव्हती.

आता स्काउट चळवळीचा इतिहास पाहा. बेडन पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरविले, तेव्हा सुमारे वीस मुलांत श्रीमंतांच्या शाळेतील मुले व कामकऱ्यांची मुले त्यांनी मुद्दाम एकत्र मिसळली. आरंभ असा होता. परंतु हीच चळवळ १९०९ मध्ये हिंदुस्थानात आली ती गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरती. देशी मुलाला तिच्यात प्रवेश नव्हता. म्हणून ॲनी बेझंट, पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी इत्यादींना देशी मुलांसाठी निराळ्या संघटना काढाव्या लागल्या. मुलींनाही हा गणवेष सहजासहजी मिळालेला नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १९०९ साली भरलेल्या मेळाव्यास काही मुली न बोलावता हजर झाल्या आणि आम्हांसही घ्या म्हणाल्या, तेव्हा पुढे गाईड चळवळ निघाली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली आणि १९५१ मध्ये गाईडही तीत सामील झाल्या. वंश, उत्पत्ती वा पंथ यांचा भेद न करता ती सर्वांस खुली आहे, असे तिच्या मूळ तत्त्वात लिहिलेले आहे. स्काउट हा सर्वांचा मित्र व प्रत्येक स्काउटाचा भाऊ असतो, असे तिचा नियम सांगतो.

पण लिहिलेला नियम आणि चालणारा व्यवहार यांत अंतर असू शकते. याचे एक उदाहरण अमेरिकेतले सांगतो, कारण त्या देशातील कृष्णवर्णीय बांधवांचा लढा आपल्या लढ्याला जवळचा आहे. यूटा राज्यात मॉर्मन चर्च पुष्कळ स्काउट पथके चालवीत असे. तेथे नियम असा की, चर्चमध्ये मुलांच्या पौरोहित्य-गटाचा जो अध्यक्ष, तोच पथकाचा ज्येष्ठ संघनायक. या नियमात रंगाचा शब्दही नव्हता. परंतु त्या काळी त्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयास पौरोहित्यच मिळत नसे. म्हणजे कृष्णवर्णीय मुलगा कितीही लायक असला तरी ज्येष्ठ संघनायक होणार नाही, हे आधीच ठरून गेले. १९७४ मध्ये तेथील कृष्णवर्णीयांच्या हक्कसंघटनेने दोन मुलांसाठी न्यायालयात दावा लावला, आणि चर्चला स्काउट पथकांपुरता तो नियम बदलावा लागला. पौरोहित्याचे बंधन उठले ते त्यानंतर चार वर्षांनी, १९७८ मध्ये. यावरून ध्यानात घ्यावयाचे ते हे की, अन्याय नेहमी अन्यायाचे नाव धारण करून येत नाही. पुष्कळदा तो साध्या अटीच्या रूपाने येतो आणि ती अट कोणाला लागते व कोणाला लागत नाही, हे आपणच तपासावे लागते.

आपल्या जिल्ह्यात अशी अट कोणती? पहिली अट हजेरीची. दिवाळी झाली की कळमनुरी, सेनगाव, औंढा या भागांतून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला व वीटभट्टीवर निघतात आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत परतत नाहीत. शिबिरे व चाचण्या बहुधा याच महिन्यांत होतात. मूल आईबापांबरोबर फडावर असते. त्याची हजेरी तुटते आणि सोपान राहून जातो. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना अशाच मुलांसाठी आहे. पण तेथे राहणाऱ्या मुलाला पथकात जाऊ दिले तरच तिचा येथे उपयोग. दुसरी अट पैशाची: गणवेष, बूट, शिबिराचे शुल्क, येण्या-जाण्याचे भाडे. तिसरी गोष्ट कामाच्या वाटपाची. शिबिरात ध्वजाची दोरी कोण ओढतो आणि झाडू कोणाच्या हाती येतो? स्वच्छतेचे काम हीन नव्हे. पण पाळी आठही मुलांची असताना ते रोज एकाच मुलाकडे येत असेल, तर ते श्रमदान राहत नाही. नामदेवांना कीर्तनाला मागे बसविले म्हणून औंढ्याचे देऊळ फिरले, अशी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. आपल्या मुलांनी देऊळ फिरण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कामाची पाळी कागदावर लिहून लावली तर ती रोज फिरते.

येथे मी दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगणार आहे, कारण ती ऐकून घेण्याची शक्ती आपल्यात असली पाहिजे. पायरी अकारण अडविणे हा जसा अन्याय, तशी न शिकविता पायरी देऊन टाकणे हाही अन्यायच होय. कागदावर सोपान भरले, शिबिरात छायाचित्र निघाले, प्रमाणपत्र हाती आले. आणि मुलाला जखमेवर पट्टी बांधता येत नाही. असा मुलगा पुढच्या चाचणीत नापास होतो, तेव्हा लोक त्याच्या गुरूला बोल लावीत नाहीत, त्याच्या जातीला लावतात. आपल्याला राखीव जागा आहेत त्या प्रतिनिधित्वाच्या हक्काने आहेत. ज्या दारातून आपल्याला शतकानुशतके हाकलले गेले ते उघडण्यासाठी आहेत. गाठ बांधता येते की नाही, याला मात्र राखीव जागा नसते. म्हणून पथकात आपली मागणी एवढीच असावी: कसोटी सर्वांना एकच असो, ती आधी सांगितलेली असो, सर्वांसमोर घेतली जावो आणि वेळेवर घेतली जावो.

दर्जा कशावर ठरावा, याचे उत्तर भगवान बुद्धांनी संघात दिले आहे, आणि ते आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. मल्लांच्या देशात अनुपिया येथे भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी सहा राजकुमार प्रव्रज्येसाठी आले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. संघात ज्येष्ठता मोजली जाई ती दीक्षेच्या वेळेपासून. ज्याची दीक्षा आधी, त्याला नंतरच्याने वंदन करावयाचे. त्या शाक्यकुमारांनी स्वतःच विनंती केली की, आधी उपालीला दीक्षा द्या. म्हणजे आम्हांस त्याच्यापुढे वाकावे लागेल आणि आमचा कुळाचा अभिमान गळून पडेल. भगवंतांनी तसेच केले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण करण्याचा मान याच उपालीकडे आला. उपालीवर कोणी दया दाखविली नव्हती. नियम एकच होता आणि तो राजपुत्राला व न्हाव्याला सारखा लागू झाला. मान त्याला मिळाला तो विनयाच्या ज्ञानामुळे.

मग आपण करावयाचे काय? आपल्या मुलाच्या सोपानात कोणकोणत्या बाबी आहेत त्यांची यादी शिक्षकांकडून मागून घ्या आणि घरातील भिंतीवर लावा. जी बाब पूर्ण झाली तिच्यापुढे तारीख व सही त्याच दिवशी घ्या. ऊसतोडीला जाण्यापूर्वी ही वही मुलाच्या दप्तरात असू द्या; जे काम पूर्ण झाले आहे ते गैरहजेरीने पुसले जात नाही. सोपान नाकारला गेला तर कोणती बाब अपुरी राहिली, हे नम्रपणे पण लेखी विचारा. उत्तर न मिळाल्यास जिल्हा संस्थेकडे अर्ज करा. भांडण नको आणि मौनही नको.

परंतु सर्वांत महत्त्वाचे सांगावयाचे आहे ते प्रौढांविषयी. पहिली सही ज्याच्या हातात, न्याय त्याच्या हातात. तो हात आपला का असू नये? पथकाचा नेता शाळामास्तरच असला पाहिजे असे नाही. शाळेच्या बाहेर खुले पथकही काढता येते. प्रौढासाठी आधी मूलभूत प्रशिक्षण, नंतर प्रगत आणि मग हिमालय वुड बॅज अशा पायऱ्या आहेत. मध्य प्रदेशात पचमढी येथे त्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. वसमतपासून सेनगावपर्यंत आपल्यात शिकलेले तरुण, निवृत्त शिक्षक, निवृत्त सैनिक आहेत. भगिनींनो, गाईड पथकाची कॅप्टन ही स्त्रीच असते, आणि लहान कब मुलांचे पथकही स्त्रीला चालविता येते. सभेला येऊन टाळ्या वाजविण्यासाठी आपण पुष्कळ वेळ देतो. आठवड्यातून दोन तास गावच्या मुलांसाठी देणारी माणसे प्रत्येक मोठ्या गावात दोन निघाली, तरी पुष्कळ काम होईल.

आणि ज्या दिवशी ती सही आपल्या हाती येईल, त्या दिवशी आपली परीक्षा सुरू होईल. आपल्या पथकात मातंगाचा मुलगा असेल, कळमनुरीकडचा आंध आदिवासी मुलगा असेल, पारध्याचा, मुसलमानाचा, मराठ्याचाही असेल. त्यांच्यात जो गाठ नीट बांधील त्याचा सोपान आधी झाला पाहिजे, मग आपला स्वतःचा मुलगा मागे राहिला तरी चालेल. आपण दुसऱ्यांकडे जो न्याय मागतो, तो आपल्या वहीत उतरतो की नाही, हे त्या मुलांचे पालक पाहतील, आणि त्यांनी पाहिलेच पाहिजे. समता ही दुसऱ्याकडून घ्यावयाची वस्तू नव्हे. ती आपल्या हातून दुसऱ्याला मिळू लागली म्हणजे ती आपली झाली असे समजावे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या मुलाला पथकात घाला, आणि त्याच आठवड्यात स्वतःचे नावही प्रशिक्षणासाठी द्या. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय भीम.