वृद्धांचा आरोग्य विमा : विनामूल्य म्हणजे किती?

(हैदराबाद येथील ज्येष्ठ मराठी नागरिकांसमोर केलेले भाषण)



मुलांवर बोजा नको म्हणून दुखणे अंगावर काढणारी वडीलधारी माणसे आपल्या घरोघरी आहेत. आजचे चार शब्द त्यांच्यासाठी.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजना ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली झाली. वयाचा पुरावा म्हणजे आधार कार्ड. हप्ता नाही, जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. मात्र ५ लाख रुपयांची वार्षिक मर्यादा माणशी नाही. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढील असल्यास ती दोघांत मिळून समजावी. तेलंगणात पात्र शिधापत्रिकाधारकांसाठी २००७ पासूनची आरोग्यश्री योजनाही आहे. तिची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये १० लाख झाली.

आता खर्चाची दुसरी बाजू. आयुष्मान योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ व घरी परतल्यानंतरचे १५ दिवस तीत येतात. परंतु मधुमेह, रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासणी हा खर्च आपलाच. त्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूस ठेवावी. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील निवृत्तांनी दोहोंपैकी एकच निवडावयाची आहे.

कार्ड निरोगी असतानाच काढून ठेवावे. रुग्णालय योजनेत आहे काय, हे १४५५५ या क्रमांकावर आधी विचारावे. हा पैसा करांतून, म्हणजे आपणा सर्वांच्याच कष्टांतून आलेला आहे. तो घेण्यात संकोच कसला?