जवान घरी येतो, त्यानंतर

आज आम्ही ज्या घरांविषयी बोलणार आहोत, ती आपल्या जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत फार नाहीत, पण आहेत. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारा पोरगा आपण पाहिलेला असतो. त्याच्या निवडीचे पेढे आपण खाल्लेले असतात. तोच पाठीला किंवा पायाला कायमची इजा होऊन घरी आला, की आठ-पंधरा दिवस अंगणात माणसांची रीघ लागते. मग कपाशीची निंदणी येते, जो तो आपल्या कामाला लागतो. घरात उरतात तो, त्याची बायको आणि म्हातारे आई-वडील.

शहीद जवानाच्या पत्नीला आपण वीरपत्नी म्हणतो. जखमी होऊन परत आलेल्या जवानाच्या बायकोला काय म्हणायचं? आपल्याकडे त्याला शब्दच नाही. तिला सगळ्या जणी एवढंच सांगतात, "नशीबवान गं बाई, कुंकू शाबूत आहे." ते खरंच आहे. पण एकदा नशीबवान ठरल्यावर तिला 'मी दमले' म्हणायची सोय उरत नाही.

अशाच एका घरी आम्ही गटातल्या चौघी गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. भाऊ खाटेवर टेकून बसले होते. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं आणि मधेच ते म्हणाले, "मी आते यासले भार शे." वहिनी लगेच म्हणाल्या, "असं बोलू नका हो." सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. विषय तिथेच थांबला.

'असं बोलू नका' हे आपण मायेनेच म्हणतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच, की हे बोलायचं नसतं. तो गप्प होतो. मनातला हिशेब मात्र थांबत नाही: दवाखान्याला इतके गेले, बायकोची मजुरी इतकी बुडली, पोराची फी राहिली. मनातल्या मनात मांडलेल्या हिशेबात नेहमी खर्चाचंच पान भरतं, जमेचं कोरं राहतं. म्हणून त्यापेक्षा म्हणावं, "कशाचा भार वाटतो ते सांगा." आणि मग ऐकावं. मधे तोडू नये.

जमेचं पान उघडायला कागदपत्रं काढा. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन म्हणजे सरकारने केलेली दया नव्हे, तो त्याचा हक्क आहे. अपंगत्व शंभर टक्के असेल आणि वैद्यकीय मंडळाने शिफारस केली, तर सतत सोबत लागणाऱ्या माणसासाठी वेगळा भत्ता असतो. म्हणजे वहिनी जे रात्रंदिवस करतात ते काम आहे, हे सरकारी नियमातसुद्धा धरलेलं आहे. आपणच ते मोजत नाही. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे नवरा-बायको दोघांनी मिळून जा. पेन्शनचा आदेश कुठे ठेवलाय, खातं कोणत्या बँकेत आहे, हे बायकोला ठाऊक असलंच पाहिजे.

पण नुसत्या पैशाने भार वाटणं जात नाही. आमच्या मते खरी गोम कामात आहे. घरातल्या मायेने त्याच्या हातातलं एकेक काम काढून घेतलेलं असतं. पाण्याचा तांब्या आपण देतो, मोबाइलचं बटणसुद्धा पोरगं दाबून देतं. 'तुम्ही बसा' हे दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार?

त्या घरात पुढे काय झालं ते सांगतो. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची. वहिनी किंवा सासरे अंधारात विहिरीवर जायचे, साप-विंचवाची भीती वेगळीच. भाऊंना तर रात्री झोपच लागत नव्हती. मोटरीला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला आणि तो फोन भाऊंकडे दिला. लाईट कधी आली, कोणत्या वाफ्याला किती वेळ पाणी गेलं, सगळं ते वहीत लिहू लागले. एकदा ते विसरले. सासरे त्यांच्यावर चांगले ओरडले. वहिनी आम्हाला हसून सांगत होत्या, "घरी आल्यापासून पहिल्यांदा यांना कोणी रागावलं." आम्हाला त्या ओरडण्याचं फार बरं वाटलं. ज्याच्यावर काही अवलंबून असतं, त्यालाच माणसं रागावतात.

आपली कानबाईच घ्या. श्रावणात रोटासाठी कितीतरी घरांत प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. जखमी भावाच्या नावाची मूठ कोणी वगळतं का? नाही. मग विहिरीचा खर्च, बहिणीचं लग्न, शेताचा बांध ठरवायला भाऊबंद बसतात, तेव्हा त्याची खाट आतल्या खोलीत का?

मुरलीकांत पेटकरांचं नाव तुम्ही 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे ऐकलं असेल. सांगली जिल्ह्यातले हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सिनेमा जरूर बघा. पण तो दाखवून घरच्या माणसाला 'बघा, ते कसे उठले' असं मात्र सुनावू नका. प्रत्येकाच्या मणक्याची इजा वेगळी. त्यांच्या गोष्टीतलं आम्हाला भावतं ते हे, की पदकाच्या आधी युद्ध आणि पदक यांच्यामध्ये सात वर्षं गेली. पुण्याजवळ खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, आणि जखमी जवानांना कामधंदा शिकवणारी क्वीन मेरी तंत्रसंस्थाही आहे. १९१७ साली ती सुरू झाली. तिथे चौकशी करता येते.

आता एक गोष्ट नीट ऐका. 'मी भार आहे' हे बोलणं कधी कधी पुढे सरकतं. 'मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं', असं माणूस म्हणू लागला, झोप-जेवण तुटलं, वस्तू वाटून टाकू लागला, तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं ठेवू नका. कपाशीवर फवारायचं औषध घरात नको, दुसरीकडे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही लावावा. धोका समोर दिसत असेल तर फोनवर थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या.

आणि वहिनीचं काय? तिचं दमणं हे त्याच्यावरचा राग नव्हे. ती हे त्याच्यासमोर बोलू शकली तर उत्तम, नाहीतर गटात बोलू द्या. आमच्या गटाने एवढंच ठरवलं: बाजाराच्या दिवशी दोघींनी दोन तास त्या घरी बसायचं, वहिनींनी बाजाराला जायचं. पहिल्या वेळी त्या अर्ध्या तासात परत आल्या. आता बांगड्या भरून, भजी खाऊन, सावकाश येतात. भाऊ तोवर आम्हा दोघींना बँकेचे फॉर्म भरून देतात, आणि आमच्या सह्या वाकड्या येतात म्हणून ऐकवतातही.