घरचा पुठ्ठा आणि हिमरूची वीण

दारापुढें ठिपक्यांची रांगोळी काढणारी गृहिणी प्रथम ठिपके मोजते आणि मग रेघ ओढते. कशिदा काढणारी मुलगी कापडाचीं सुतें मोजून टांका घालते. मोजून नक्षी उठविण्याची ही विद्या मराठी घरांत पूर्वापार चालत आलेली आहे. तिच्या जोडीला विणकामाचा छंद लावून घेणें मुळींच कठीण नाहीं. आणि त्याचा पहिला धडा घ्यावा असें कापड छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादच्या, नांवाशीं जोडलेलें आहे. तें कापड म्हणजे हिमरू.

उस्मानपुऱ्यासारख्या वस्तींतील घरांत लग्नकार्याच्या निमित्तानें आलेली हिमरूची एखादी शाल सांपडणें नवलाचें नाहीं. ती उलटून पाहणारे मात्र थोडे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें राजधानी दौलताबादेस नेली, तेव्हां त्याच्यामागें आलेल्या कारागिरांनीं ही कला येथें रुजविली, अशी परंपरा आहे. किनखाबासारखें दिसणारें, परंतु सोन्याचांदीची जर नसलेलें असें हें कापड. उभा ताणा सुताचा, आडवा बाणा रेशमाचा. म्हणून किंमत बेताची आणि झळाळी रेशमाची.

त्याचें मर्म उलट्या बाजूस कळतें. नक्षीचा रंगीत धागा हा एक जादा बाणा असतो. फूल जेथें दिसावयाचें तेथें तो वर येतो, एरवीं कापडाच्या पाठीमागून मोकळा धांवतो. म्हणूनच हिमरूच्या शेरवानीला अस्तर लागतें. पैठणीच्या पदरांत रंगीत धागे एकमेकांत गुंतवून परत फिरवितात, त्यामुळें तिच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. दोन कलांतील हा भेद वाचून कळतो. विणून पाहिला म्हणजे पक्का ठसतो.

त्यासाठीं माग नको. सहा इंच रुंद व आठ इंच लांब असा जाड पुठ्ठा घ्यावा. वरच्या व खालच्या कडेला, दोन्ही बाजूंस अर्धा इंच सोडून, पाव पाव इंचावर एकवीस खांचा पाडाव्या. त्यांतून जाड सूत वरखालीं नेऊन पुठ्ठ्याच्या पुढच्या अंगास एकवीस उभे धागे ताणावे. हा झाला ताणा. मग चौकटीच्या कागदावर, एका ओळींत एकवीस घरें धरून, लहानशी बुट्टी काढावी. सलग तीनपेक्षां अधिक घरें भरूं नयेत, नाहीं तर वरचा धागा लोंबून नखांत अडकतो.

बोथट जाड सुईनें एक धागा वर, एक खालीं, अशी साध्या सुताची ओळ घालावी. नंतर रंगीत रेशमाची ओळ: कागदावर घर भरलेलें असेल तेथें ताण्याच्या वरून, रिकामें असेल तेथें खालून. पुन्हां साधी ओळ, पुन्हां रंगीत. प्रत्येक ओळ जुन्या फणीनें ठोकून बसवावी. विणकराच्या मागांतील या साधनासही फणीच म्हणतात. धागा ओढून ताणूं नये; तो कमानीसारखा सैल ठेवून मग ठोकावा, म्हणजे कांठ आंत ओढले जात नाहींत. शेवटीं कडेचे धागे जोडीजोडीनें गांठून मागें अस्तर लावलें कीं तो तुकडा बटव्याच्या दर्शनी भागास शोभतो.

भरलेलें घर व रिकामें घर एवढ्याच खुणेवर मोठे मागही चालतात. पूर्वी विणकराचा सोबती नक्षीच्या दोऱ्या ओढून हवे तेवढे धागे उचलीत असे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्यें जाकार यानें तें काम भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे सोंपविलें.

हा उद्योग केवळ वेळ घालविण्यासाठीं नाहीं. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें आणि दरबारी पोशाखाचें गिऱ्हाईक ओसरलें. पुढें यंत्रमागावरील स्वस्त माल त्याच नांवानें दुकानांत आला, आणि हातमाग थोडे उरले. पाठीमागील मोकळे धागे यंत्राच्या कापडांतही असूं शकतात. तेवढ्यावरून निवाडा होत नाहीं. परंतु ज्यानें तळहाताएवढी वीण घालण्यांत सबंध संध्याकाळ घालविली आहे, तो शाल घेतांना ती उलटून पाहतो. माग कोणता, सूत कोणतें, विणावयास दिवस किती लागले, हें विचारतो आणि उत्तर पटल्यास रास्त दाम देतांना कुरकुर करीत नाहीं. हातमागाच्या विणकरास आज दरबार उरलेला नाहीं. त्याला असें जाणतें गिऱ्हाईक हवें आहे, आणि तें घरच्या पुठ्ठ्यावर तयार होऊं शकतें.